चार वाजता मालेगावला येणारा फोन

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला आहे, दिवसभर मायक्रॉनमध्ये बोलते. रस्त्यात उतरून टाकलेलं लिंबू दिसलं तर सरळ ओलांडून जाते. इथे, या पानावर, गेले सहा-सात महिने सगळ्यांचे अनुभव वाचतेय आणि बऱ्याच ठिकाणी मनात म्हणते, अहो, मांजर असेल. माझं वाचून तुम्हीही तेच म्हणालात तर हरकत नाही. फक्त मला सहा वर्षांत ते मांजर सापडलेलं नाही.

गोष्ट २००३ ची. आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादला. वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — फुलशेती करायचे. झेंडू, शेवंती. पहाटे मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधून गोदाकाठच्या फूलबाजारात जायचे. ही मोटरसायकल म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. विलायती बनावटीची, साडेतीनशे सीसीची, देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर झालेल्या कॅप्टनसाहेबांकडून घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाणकारांना कळेलच. मखमलाबादात तशी दुसरी नव्हती.

नाना दुपारी जरा पडायचे आणि बरोबर चारला उठून गाडीपाशी बसायचे. काही बिघडलेलं असो वा नसो. आणि शेजारी बसायचा माझा मोठा भाऊ, सुनीलदादा. पाना दे, तेल दे, बॅटरी धर. मी तिथे जाऊन उभी राहिले की नाना आधी खोकायचे, मग मान वर न करता म्हणायचे, "तू च्या ठेव गं."

मी चहा ठेवायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांची डोकी एकमेकांना लागलेली दिसायची. ते काय बोलतात ते ऐकू यायचं नाही. मला दादाचा किती हेवा वाटायचा ते आज पन्नाशीकडे झुकताना लिहायलाही लाज वाटते. मेकॅनिकलचा डिप्लोमा मी त्या खिडकीमुळे केला, असं म्हटलं तरी चालेल. निकाल लागला तेव्हा नाना म्हणाले, "बेस झालं." आणि दादाला म्हणाले, "सुनील, प्लग काढून बघ रं जरा."

नाना सत्त्याण्णव साली गेले. त्याआधी दोन वर्षं गाडी बंदच होती, इंजिन जाम झालेलं. पुढे दादा पुण्याला नोकरीला गेला, तिकडेच स्थायिक झाला. मी लग्न केलं नाही, तो वेगळा विषय. आई आणि मी मखमलाबादला, आणि गाडी पडवीत गोणपाटाखाली.

२००३ च्या उन्हाळ्यात दादा आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायला आला आणि जाताजाता म्हणाला, "मुंबईचा एक माणूस गाडी बघायला येणार आहे. देऊन टाकू. नुसती गंजतेय."

मी म्हटलं, "मी दुरुस्त करून घेते."

तो हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. "अगं, त्या इंजिनाचं तुला काय माहीत? नानांनी त्यात काय काय केलंय ते मला माहितीये."

तेच तर.

शेवटी ठरलं — दिवाळीपर्यंत गाडी चालू झाली तर माझी. नाही झाली तर मुंबईवाला घेऊन जाईल.

मग माझी मेकॅनिक शोधायची वणवण सुरू झाली. जुन्या गाडीचं इंजिन उघडायला देणं म्हणजे काय, ते ज्यांनी दिलंय त्यांनाच कळेल. द्वारका चौकाजवळच्या एकाकडे टेम्पोत घालून नेली, तर त्याने पहिला नट सोडवायला छिन्नी आणि हातोडा काढला. मी गाडी तशीच परत चढवली. दुसऱ्याने मला विचारलं, "मॅडम, साहेब कधी येतील बोलायला?" तिसरा गोड बोलला, पण त्याच्या गॅरेजच्या मागे मला जुन्या कार्बोरेटरांचा ढीग दिसला. दुसऱ्यांच्या गाड्यांतून काढलेले, हे सांगायला कोणी लागत नाही. चौथा म्हणाला, आतलं सगळं काढून नवीन गाडीचं इंजिन बसवू, वरून जुनीच दिसेल.

मी हताश झाले होते. आमच्या कारखान्यात भामरे म्हणून टर्नर होते, बागलाणकडचे, बोलण्यात अहिराणी मिसळणारे. त्यांना एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगत बसले, तर ते म्हणाले, "मालेगावले एक मिस्तरी शे, मॅडम. यासीनमिस्त्री. पण तो गाडी बघून ठरवतो, घ्यायची का नाही. कुनाचंबी ऐकत नाही."

एका रविवारी टेम्पो करून मालेगावला गेले. मोसम पुलापासून आत एका गल्लीत त्यांची खोली. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, सतत खडखडाट. त्या आवाजात माणूस इंजिन कसं ऐकत असेल असं वाटलं. यासीनमिस्त्री साठीचे, बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. हिंदी आणि मराठी मिसळून बोलायचे. त्यांनी अर्धा तास गाडीला हातच लावला नाही, नुसते भोवती फिरले. मग प्लग काढून आत बोट घातलं, वास घेतला, आणि म्हणाले, "दोन हफ्ते इथे राहू द्या. मैं बिना देखे बोलता नहीं. जमणार नसेल तर नाही म्हणून सांगेन."

"काही पार्ट बदलले तर जुने मला परत हवेत," मी म्हटलं.

"एक वॉशर भी आपकाच," ते म्हणाले.

त्यांच्याकडे फोन नव्हता. शेजारी सुताचं दुकान होतं, तिथल्या शेठचा नंबर त्यांनी दिला आणि मी माझा घरचा नंबर लिहून दिला. हे लक्षात ठेवा.

दोन आठवड्यांनी एसटीने गेले. बसल्याबसल्या मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमच्या घरून फोन येतो रोज. मला मदत होतेय, पण त्यांना सांगा, रोज नका करू. शेठला उठावं लागतं."

"माझ्या घरून? कोण?"

"बुजुर्ग आहेत कोणी. चार वाजता करतात. आधी खोकतात, मग बोलतात. मिस्तरी, घाई करू नका, लय जुनं हाय ते... असं."

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? भूत-बीत काही नाही. दादा. माझ्या पाठीमागे मिस्त्रींना फोन करून स्वतःची अक्कल दाखवतोय, एवढंही मला एकटीला करू देत नाही.

मिस्त्री पुढे म्हणाले, "ते बोलले, कनेक्टिंग रॉडचा वरचा बुश कंपनीचा नाही. विहिरीवरच्या पंपाच्या बुशातून बनवलाय. त्यावर पंचने दोन ठिपके मारलेत. चांगला आहे, काढू नका. आता आपण खोलून बघू, तुमच्यासमोर. मी अजून हेड उघडलेलं नाही."

माहीत नसलेल्यांसाठी सांगते — हा बुश म्हणजे अंगठीएवढी पितळी दिसणारी रिंग असते, पिस्टनच्या आत. हेड, सिलिंडर, पिस्टन सगळं काढल्याशिवाय तो कोणालाही दिसू शकत नाही. आणि हेडच्या नटांवर आठ वर्षांचा गंज तसाच होता, तो मी स्वतः पाहिला. रॉकेल सोडून, थांबून, परत थोडं सोडून, त्यांनी तीन तासांत ते उघडलं. एकही नट हातोड्याने नाही. पिस्टन निघाला. बुश निघाला नाही, तिथेच होता. मी बॅटरी मारली.

दोन ठिपके.

मी बरोबर नेलेल्या गेजने तो मोजला. जेमतेम झिजलेला. मिस्त्री म्हणाले, "बोलले ना ते, चांगला आहे."

घरी येईपर्यंतही थांबवलं नाही, स्टँडवरच्या बूथवरूनच दादाला फोन लावला आणि भांडले. तुला माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नाही का, वगैरे. तो गोंधळला. "अगं कोण मिस्त्री? मला त्याचं नावही तू आत्ता सांगतेयस."

"मग बुशाचं त्याला कोणी सांगितलं? पंपाच्या बुशाचं?"

मग दादा हळू आवाजात म्हणाला, "तुला ते कुणी सांगितलं? ते फक्त नानांना आणि मला माहिती होतं. मी बॅटरी धरली होती त्या दिवशी. नाना म्हणाले होते, कुणाला सांगू नको, पंपाचा बुश घातला म्हणून लोक हसतील."

मला भीती वाटायला हवी होती, नाही का? पण माझ्या मनात आधी हेच आलं — यांच्यात असंही काही होतं. मी वीस पावलांवर चहा गाळत होते आणि यांच्यात गुपितं होती.

दादाने शपथ घेतली. तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळत होतं. शिवाय फोन 'माझ्या घरून' येतो असं मिस्त्रींचं म्हणणं होतं. माझ्या घरून कसा येईल? आई अजून पुण्यालाच, दुसऱ्या डोळ्यासाठी थांबलेली. मी सकाळी आठला कुलूप लावून जाते ते सहाला येते. दुसरी किल्ली आईच्या बटव्यात.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साडेतीनला घरी येऊन फोनसमोर खुर्ची घेऊन बसले. चार वाजले. मी रिसीव्हरवर हात ठेवला होता, म्हणजे हलला तरी कळावं. चार दहा. सव्वाचार. काही नाही. उचलून कानाला लावला, नेहमीसारखा टोन. साडेचारच्या सुमारास मी एक मूर्खपणा केला. रिसीव्हर तोंडाशी धरून म्हटलं, "नाना?" टोन चालूच राहिला. मग मी फोन ठेवला आणि उठून चहा केला, एकटीपुरता.

रविवारी मालेगाव. मी आधी शेठच्या दुकानात गेले. जाडेसे, पान खाणारे, व्यवहारी गृहस्थ, कुणाची चेष्टा करतील असे नव्हेत. म्हटलं, "गुरुवारी फोन आला होता का?"

"रोज आता है, पहले खाँसते हैं, फिर मिस्तरी को बुलाते हैं. गुरुवार को भी आया. आप खुद देख लो." त्यांच्याकडे नुकताच घेतलेला, नंबर दिसणारा फोन होता. त्यांनी बटण दाबून मागचे नंबर दाखवले. गुरुवार. चार वाजून दहा मिनिटं. ०२५३ आणि पुढे माझा नंबर. एकेक आकडा मी बोट ठेवून वाचला.

त्या वेळी माझा तळहात त्या रिसीव्हरवर होता.

सोमवारी टेलिफोन ऑफिसात गेले, लाइन कुठे मिसळतेय का विचारायला. तिथल्या बाईंनी नीट तपासून सांगितलं, तुमच्या लाइनवर काही दोष नाही. आणि तुमच्या फोनला एसटीडी लॉक आहे, पहिल्यापासून. म्हणजे त्या फोनवरून मालेगाव लागूच शकत नाही. लॉक नानांनीच टाकून घेतलं होतं, फोन घेतला तेव्हाच, बिल वाढू नये म्हणून.

आता मी मिस्त्रींचंही सांगते, कारण तुमच्यातला कोणीतरी म्हणणार की मिस्त्रीच लबाड असेल. पुढच्या दोन महिन्यांत मी सात वेळा मालेगावला गेले. त्या माणसाने बदललेला प्रत्येक भाग कापडाच्या पिशवीत घालून मला दिला, वर चिठ्ठी, कुठला आणि का बदलला. सिलिंडर आतून कोरून बोअर करायला सगळे सांगतात, ते त्यांनी केलं नाही, म्हणाले, अजून जान आहे यात. मी गेजने मोजलं, बरोबर होतं. एकदा त्यांच्या हातून सांध्यातलं पातळ गॅस्केट फाटलं, ते मला कळलंही नसतं, त्यांनी आपणहून सांगितलं. अख्ख्या नाशकात मला असा माणूस मिळाला नव्हता.

आणि तरी मला तो माणूस सहन होईनासा झाला होता.

तो मला सांगायचा, नाना आज म्हणाले — हो, तोही 'नाना' म्हणायला लागला होता — ऑइल पंपाचं असं करा. नाना हसले आज. नानांना कॅप्टनसाहेबांची आठवण आली. मी बाकड्यावर बसून ऐकायचे आणि आतून जळायचे. वीस वर्षं मी ज्या बोलण्यासाठी खिडकीत उभी राहिले, ते मालेगावातल्या एका अनोळखी माणसाला रोज चार वाजता मिळत होतं. मी मालेगावात असले की त्या दिवशी चारला फोन यायचाच नाही. लोकांना अनुभव आला की त्यांची झोप उडते. माझी झोप उडाली ती अनुभव मला येत नव्हता म्हणून.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मिस्त्रींचा निरोप आला, या, चालू करू. मी तीनलाच पोचले. गाडी दारात उभी. मी म्हटलं, करा सुरू. ते म्हणाले, "चार वाजू द्या. आणि किक तुम्हीच मारायची."

मी त्या गाडीला कधी किक मारली नव्हती. नाना हातच लावू द्यायचे नाहीत. चार वाजता उभी राहिले. पहिली फुकट, दुसरी फुकट. मिस्त्री म्हणाले, दम घ्या, आधी हळू दाबा, अडलं की मग. तिसऱ्याला इंजिन धरलं. मागांच्या खडखडाटातही तो आवाज वेगळा ऐकू आला, सावकाश, खोल. शेजारचे दोघे-तिघे माग थांबवून दाराशी आले. मी रडत होते, मला वाटतं.

तेवढ्यात शेठच्या दुकानातला फोन वाजला.

मी धावलेच. शेठने माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. नंबर माझा. घराला मी स्वतः कुलूप लावून आले होते. मी रिसीव्हर उचलला... आणि आत फक्त टोन. नेहमीचा सपाट टोन. "नाना," मी म्हटलं, "मी आहे. नाना, मी बोलतेय." टोन.

मिस्त्री मागून आले. त्यांनी हलकेच रिसीव्हर माझ्या हातातून घेतला, कानाला लावला, आणि बोलायला लागले. "हां, हां. झाली चालू. ऐका." वायर पुरेल तेवढी ओढून त्यांनी रिसीव्हर दाराकडे, गाडीच्या दिशेने धरला. मग परत कानाला. "नाही. नाही गळत. हां... मुलगी आहे ना इथे, तिनेच केली. बाजूला उभी आहे." मग थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले. "अच्छा," म्हणाले आणि ठेवला.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"तेल गळतं का विचारलं."

"आणि मी उभी आहे म्हणालात त्यावर?"

मिस्त्रींनी चष्मा काढला. पुसला. "काही नाही बोलले, ताई."

"एवढ्या दिवसांत कधीच नाही? माझं काहीच नाही विचारलं?"

"झूठ बोलू का तुमच्यासाठी?" ते म्हणाले. "नाही विचारलं. इंजिनाचंच बोलायचे. एकदा फक्त, सुरुवातीला, विचारलं होतं — सुनील आला होता का?"

दुसरा कोणी असता तर सांगितलं असतं, हो ताई, तुमची आठवण काढतात. बरं वाटलं असतं मला, आणि मी विश्वासही ठेवला असता. पण ज्या माणसाने फाटलेलं गॅस्केट लपवलं नाही, तो हे तरी कशाला लपवेल.

त्यानंतर फोन आला नाही. एकदाही नाही. मिस्त्रींनी महिनाभर चारला शेठच्या दुकानात बसून वाट पाहिली, असं शेठ म्हणाले.

गाडी मी घरी आणली. दिवाळीला दादा आला, त्याने ती विहिरीपर्यंत चालवली, परत आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. रात्री जेवताना त्याने विचारलं, "मिस्त्रींशी नाना... म्हणजे जे कोण होतं ते... माझ्याबद्दल काही बोललं का?"

मी म्हटलं, "नाही. फक्त इंजिनाचं."

मी भाकरी वाढत होते, त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर त्याने आणखी दोनदा विचारलंय, वेगवेगळ्या वर्षी, सहज आठवल्यासारखं. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं.

लाइन मिसळली असेल, डिस्प्ले चुकला असेल, मिस्त्रींना कानात भास होत असतील — सगळं मान्य करायला मी तयार आहे. मग बुशाचं काय, आणि शेठलाही तोच खोकला कसा ऐकू यायचा, हे कोणी समजावून सांगितलं तर ऐकेन. मला अजून तरी कोणी सांगितलेलं नाही. आणि मला का नाही ऐकू आलं, हे तर कोणीच सांगू शकणार नाही.

इथे लिहायचं कारण वेगळं आहे. दादा आता निवृत्त व्हायला आलाय, दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, हे पान तो वाचतो असं परवा वहिनी म्हणाल्या. तोंडाने सांगायला मला सहा वर्षांत जमलं नाही, अजूनही जमणार नाही. म्हणून इथे लिहिते.

दादा, नानांनी तुझी चौकशी केली होती.